‘टाकं कधी भरलंच नाही’ : जुनं घर घेण्याआधी संडासाची लाईन कॅमेऱ्यानं कशी बघायची

घर विकणारा अंगणात उभा राहून अभिमानानं सांगतो, “संडासाचं टाकं? बारा वर्षं झाली भाऊ, एकदाबी उपसा लागला नाही. भरतच नाही नं ते.” घेणाऱ्याला बरं वाटतं. मला तिथंच शंका येते. चांगलं सेप्टिक टाकं कायम भरलेलंच असतं. जेवढं पाणी आत येतं तेवढंच पलीकडच्या पाईपातून शोषखड्ड्यात जातं, आणि टाक्यातली पातळी त्या पाईपाच्या तोंडाला टेकून राहते. झाकण सरकवल्यावर पाणी दोन फूट खाली दिसलं, किंवा कोरडा तळच दिसला, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर घाण टाक्यापर्यंत पोचतच नाही, नाहीतर पोचते आणि तळातून जमिनीत मुरते. दोन्हीत आधी विहीर कुठं आहे ते बघायचं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात प्लंबिंगची कामं करतो. गेली काही वर्षं लाईन बघायचा कॅमेराही गाडीत असतो. गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी पहिल्यांदा जुनं घर घेणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या घरचं संडासाचं भांडं पाणी ओतल्यावर गुडगुडतं त्यांच्यासाठी, हे लिहितोय. कॅमेरा दरवेळी लागतोच असं नाही. पुष्कळदा बादलीभर पाण्यातच उत्तर मिळतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी नकाशा

मोठ्या शहरात लाईन म्हणजे घरापासून रस्त्याखालच्या गटारापर्यंत. आपल्या गावात तसं गटार नाही. लाईन फार तर वीस-चाळीस फुटांची: भांडं, त्याखालचा पाणी धरून ठेवणारा ट्रॅप, चार इंची पाईप, मधे एखादं चेंबर, मग टाकं, आणि टाक्यातून शोषखड्डा. काही जण टाक्याचं पाणी सरळ नालीत सोडतात, तेही बघून ठेवा. न्हाणी-मोरीचं पाणी बहुतेक घरांत वेगळं जातं. ते कागदावर वेगळ्या रंगानं काढा.

२०१४ नंतर स्वच्छ भारत मिशनमध्ये बांधलेल्या बऱ्याच संडासांना टाकं नसतं, दोन शोषखड्डे असतात. तिथं कॅमेऱ्याचं काम नाही. भांडं आणि खड्डे यांच्यामधे एक छोटं चेंबर असतं, त्यातून पाईपाला दोन फाटे फुटतात. चेंबरवरची फरशी उचला. एक फाटा बंद आणि एक चालू दिसला पाहिजे. दोन्ही उघडे असतील तर दोन्ही खड्डे एकदम भरताहेत, आणि एक वापरून दुसऱ्याला सुकू द्यायचं हा सगळा हिशेबच बिघडलाय. फाटा बंद करणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

टाकं नेमकं कुठं आहे हे घरमालकाला पुष्कळदा ठाऊक नसतं. “माह्या बापाले मालूम होतं,” एवढंच उत्तर मिळतं. मग बांधणारा मिस्त्री शोधायचा. तो नाही सापडला तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायचं. लोहाऱ्याकडच्या एका गावात तासभर सब्बल आपटून झाल्यावर ओसरीवरून आजी म्हणाली, “खड्डा खंदला तवा माही तुयस हलवली होती. जुन्या ओट्याखाली पाय.” तुळशीच्या जुन्या ओट्याखाली वीतभर माती काढली तर टाक्याची फरशी लागली.

दोन बादल्या आणि होळीचा उरलेला रंग

तीन माणसं लागतात. एक भांड्यापाशी, एक चेंबरपाशी, एक टाक्याच्या झाकणापाशी. झाकण उघडून निदान अर्धा तास तसंच राहू द्या, आणि आसपास बिडी-काडी पेटवू नका. टाक्यात मिथेन असतो.

पहिली बादली साधी, एकदम ओतायची. दुसरीत मूठभर रंग. पाणी चेंबरमध्ये लगेच, एका झोतात यायला हवं आणि तसंच निघून जायला हवं. थांबून थांबून, सुस्त येत असेल तर मधे कुठंतरी पाणी साचतंय. बादलीभर ओतून टाक्याच्या तोंडाशी तांब्याभरच आलं, तर उरलेलं कुठं गेलं? रंगीत पाणी नालीत, शेजारच्या भिंतीच्या पायाशी किंवा विहिरीच्या कठड्यावर उमटलं, तर बोलणी तिथंच थांबवा.

गळतीसाठी आणखी एक तपासणी आहे. टाक्याकडच्या पाईपाचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या ओल्या बारदानानं घट्ट बंद करायचं. वरून चेंबर अर्धं भरेपर्यंत पाणी सोडायचं, पातळीवर खडूची रेघ मारायची आणि अर्धा तास चहा प्यायचा. रेघेखाली पाणी उतरलं नाही तर पाईप धड आहे, कॅमेऱ्याचे पैसे वाचले. झरझर उतरलं तर पाईप फुटका आहे एवढं कळलं, पण कुठं फुटलाय ते नाही कळलं. कॅमेरा लागतो तो या ‘कुठं’साठी. अख्खं अंगण खोदायचं की दीड हात जागा, हा फरक त्या एका आकड्यानं पडतो.

माती कोणती आणि महिना कोणता

हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या लाईनी फुटतात त्या यामुळंच. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या अंगणातही पडतात. मुरूम किंवा वाळूचा थर न देता काळ्या मातीत नुसता दाबलेला पाईप दरवर्षी थोडा वर ढकलला जातो, थोडा खाली बसतो. मधल्या भागात तो मातीसोबत हलतो, पण घराच्या जोत्यातून बाहेर पडतो तिथं आणि टाक्याच्या भिंतीत शिरतो तिथं त्याला बांधकामानं जखडलेलं असतं. तुटतो तिथंच. म्हणून भिंतीपासूनचे पहिले तीन फूट आणि टाक्याआधीचे शेवटचे तीन फूट मी सगळ्यात सावकाश बघतो.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आणखी वेगळी गोष्ट होते. तिथली चिकण माती पाणी पटकन मुरू देत नाही. शोषखड्डा तुडुंब, मग टाकं तुडुंब, मग पाईपात उलटं पाणी. अशा घरात कॅमेरा घातला तर पाईप चकाचक आणि नुसतं पाणी दिसतं. रोग लाईनचा नाही, पुढच्या खड्ड्याचा आहे, आणि पाईप बदलून तो जाणार नाही. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी पार वर येतं आणि सैल जोडांतून पाईपात शिरतं. पाऊस नसताना पाईप कोरडा, ऑगस्टमध्ये टाकं वाहतंय, अशी तक्रार त्या बाजूला ऐकू येते.

मग बघायचं कधी? उघडलेले जोड बघायचे तर मे महिना, बाहेरचं पाणी आत येतं का ते बघायचं तर भर पावसाळा. व्यवहार आपल्या सोयीनं थांबत नाही हे मलाही कळतं. उन्हाळ्यात बघत असाल तर जोडांखाली सुकलेल्या चिखलाचे ओघळ किंवा पांढरट खवले शोधा, ती मागच्या पावसाळ्याची खूण.

कॅमेरावाल्याला फोनवर काय विचारायचं

या कॅमेऱ्याला लोक ‘ड्रेन कॅमेरा’ किंवा ‘पाईप कॅमेरा’ म्हणतात. चाकावर गुंडाळलेली ताठ केबल, टोकाला अंगठ्याएवढं डोकं, त्याभोवती एलईडी दिवे, आणि पेटीत छोटा पडदा. तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून किंवा नागपूर-अमरावतीहून माणूस येतो, म्हणून जाण्यायेण्याचे पैसे धरून एकूण किती ते आधीच ठरवा. तुंबलेली लाईन मोकळी करण्याचे पैसे त्यात आहेत का, हेही.

केबल किती लांब? आपल्याला वीस मीटर पुष्कळ झाली. रेकॉर्डिंग मिळणार का? नाही म्हणाला तर दुसरा बघा, कारण विकणाऱ्यासमोर तोंडी गोष्टीला किंमत नसते. पडद्यावर मीटरचा आकडा दिसतो का? आणि डोक्यात सोंड आहे का? सोंड म्हणजे ५१२ हर्ट्झवर सिग्नल देणारा बारका ट्रान्समीटर. वर अंगणात लोकेटर फिरवला की डोकं नेमकं कुठं आहे ते जमिनीवरून कळतं. चाळीस फुटांच्या सरळ लाईनला सोंड नसली तरी चालते. लाईन शेजाऱ्याच्या भिंतीखालून जातेय अशी शंका असेल तर सोंडेशिवाय भागणार नाही.

मोबाईलला जोडायचा स्वस्त कॅमेरा ऑनलाईन मिळतो. त्याची वायर लुळी असते, पहिल्या वळणावरच दुमडते. मात्र इलेक्ट्रिशियनकडची वायर ओढायची स्प्रिंग मागून, वायर तिला टेपनं बांधून, चेंबरमधून पुढं पाच-सात फूट बघता येतं. स्प्रिंगला दर फुटावर रंगीत इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, म्हणजे अंतर मोजता येईल. न्हाणीच्या जाळीखाली काय अडकलंय ते बघायला हा जुगाड झकास आहे. त्यावर विसंबून घर घेऊ नका.

आत घालताना

कॅमेरा चेंबरमधून घालायचा, भांड्यातून नाही. हे मी स्वतः भोगून शिकलो. पहिल्याच वर्षी एका घरी चेंबर सापडेना म्हणून ट्रॅप काढून भांड्याकडून केबल ढकलली. खाली मिस्त्रीनं पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड द्यायच्या जागी काटकोनी एल्बो बसवला होता. डोकं त्याच्या पलीकडं गेलं आणि परत येईना. शेवटी ओसरीची नवी फरशी फोडली, आणि ती भरून दिली ती माझ्या खिशातून. आता चेंबर नसेल तर टाक्याच्या बाजूनं वर जातो, नाहीतर मालकाला स्पष्ट सांगतो की आधी एक चेंबर काढा.

आदल्या दिवशी लाईनमध्ये भरपूर पाणी सोडून ती धुऊन घ्या. घाणीत कॅमेरा घातला की पडदा नुसता काळा. तारेनं जोरात खोचाखोची मात्र करू नका, जुना पाईप असेल तर तपासायच्या आधीच फुटेल. टाकं येणाऱ्या पाईपाच्या वर भरलेलं असेल तर आधी उपसा करणारी गाडी बोलवा. पाण्यात बुडालेल्या पाईपातून काही दिसत नाही.

चेंबरच्या तोंडाशी डोकं धरून आकडा शून्य करायला लावा. घाईत हेच राहतं, आणि मग खड्डा भलत्याच जागी खोदला जातो. केबल आत ढकलताना धक्के बसतात, चित्र हलतं. खरं बघणं परत ओढताना होतं: सावकाश, दर जोडावर थांबून. त्याच वेळी वरून कोणीतरी अर्धी बादली पाणी सोडायचं, म्हणजे पाणी कसं वाहतं तेही रेकॉर्ड होतं. काही दिसलं की मोठ्यानं बोला, “चार मीटर तीस, डाव्या बाजूला भेग.” आवाजही रेकॉर्डिंगमध्ये येतो, आणि महिन्यानं बघताना तोच उपयोगी पडतो.

पडद्यावर काय दिसतंय

नवख्याला पहिली दोन मिनिटं फक्त गोल बोगदा दिसतो. साध्या कॅमेऱ्यात चित्र गरगर फिरतं, तेव्हा वाहतं पाणी ज्या बाजूला ती खालची बाजू समजा. जागा सांगायला घड्याळ वापरतात: वरचा माथा बारा वाजता, तळ सहा वाजता.

पाईप कोणता ते आधी ओळखा. जमिनीखालच्या सांडपाण्यासाठीचा पाईप विटकरी-केशरी असतो, घराच्या भिंतीवरचा एसडब्ल्यूआर, म्हणजे संडास-मोरीच्या आणि पावसाच्या पाण्याचा, करडा. जुन्या वाड्यांत चिनी मातीचे चकचकीत तपकिरी पाईप भेटतात. ते दोन-अडीच फुटांचे तुकडे असल्यानं जोडच जोड असतात. गावात सर्रास दिसतो तो मात्र चौथा प्रकार: वावरातल्या पाईपलाईनचा उरलेला पातळ पाईप. शेतीच्या पाण्याला तो ठीक आहे. अंगणात पुरला आणि वरून कापसाची ट्रॉली गेली की चपटतो. पडद्यावर गोलाच्या जागी अंड्यासारखा आकार दिसला तर हेच झालंय. असा पाईप दुरुस्त करत बसू नका, त्या भागातला सरळ बदला.

पाणी हळूहळू लेन्सवर चढलं, कॅमेरा बुडाला आणि पुढं पुन्हा वर आला, म्हणजे पाईपानं तिथं पोट सोडलंय. चढल्याचा आणि उतरल्याचा, दोन्ही आकडे लिहा. फूट-दोन फूट लांब आणि बोटभर खोल पोट असलं तर चालतं, दोन-चार वर्षं त्रास देत नाही. डोकं पूर्ण बुडत असेल तर मैला तिथंच बसणार. पाणी चेंबरकडंच परत येताना दिसलं तर उतारच उलटा आहे. चार इंची पाईपाला दहा फुटांत साधारण तीन इंच उतार हवा. तो कॅमेऱ्यानं मोजता येत नाही, मिस्त्रीची पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून चेंबर आणि टाक्याकडचं तोंड यांच्या पातळ्या घ्या.

मुळ्या ओळखायला सोप्या. जोडातून दाढीसारखे केस लोंबतात, पुढं त्यांची वेणी होते, तिला कागद-कपडा अडकतो. निंब, पिंपळ, उंबर अंगणाजवळ असेल तर हे धरूनच चाला. मूळ चांगल्या पाईपाला भोक पाडून शिरत नाही, जोड आधीच पाझरत असतो आणि ओल्याच्या वासानं मूळ तिथं येतं. मूळ कापलं तर दोन पावसाळ्यांत परत येईल, जोड बदलला तर नाही.

एक पाईप दुसऱ्यापेक्षा खाली बसलेला असला तर जोडावर पायरी दिसते. पाण्याच्या वाटेत येणारी पायरी वाईट, दुसऱ्या दिशेची कमी वाईट. केसाएवढी भेग लांबीला गेली असेल तर काळजी करा, आडवी आणि बारीक असेल तर नोंद करून पुढं जा. आणि मधेच कडा संपून समोर काळी माती दिसली, तर लाईन तिथंच संपलीय. पुढं पाईप असेलही, पण घाण त्यात जात नाही.

कॅमेरा टाक्याचा तळ पक्का आहे का ते सांगत नाही. टाक्यातला गॅस बाहेर सोडणारा उभा पाईप आहे का, त्याचं तोंड मोकळं आहे का, हे डोळ्यांनीच बघा.

टाक्यात कोणी उतरायचं नाही

डोकं अडकलं, मोबाईल पडला, काहीही झालं तरी टाक्यात माणूस उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाईड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि वास नाही म्हणून खाली गेलेला माणूस वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाक्यात माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपये केली. कॅमेरा गेला तर गेला.

इसार देण्याआधी

रेकॉर्डिंग आपल्या मोबाईलवर घ्या आणि दिसलेल्या प्रत्येक दोषाच्या जागी अंगणात चुन्याची फुली मारा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मालमत्ता कोणाच्या नावावर आहे ते सगळेच बघतात. टाकं आणि शोषखड्डा त्याच जागेत आहेत की शेजाऱ्याच्या परसात, की गावठाणाच्या रस्त्याखाली, हे कोणी बघत नाही. पूर्वी भावाभावांत वाटणी झालेल्या घरांत टाकं एकाकडं आणि संडास दुसऱ्याकडं असं हमखास सापडतं. असं असेल तर भाव कमी करून घेण्यापेक्षा आपल्या जागेत नवं टाकं बांधायला कुठं वाव आहे ते आधी बघा. भारतीय मानकात शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत १८ मीटर, म्हणजे साठेक फूट, अंतर सांगितलंय. लहान प्लॉटमध्ये घोडं इथंच अडतं.

बाकी एखादा जोड, दोन-चार फूट पाईप, एक नवं चेंबर, ही कामं घर सोडून देण्यासारखी नाहीत. ती इसारपत्रात लिहून घ्या: कोण करणार, कधीपर्यंत, आणि काम झाल्यावर कॅमेरा पुन्हा कोणाच्या खर्चानं. तोंडी “करून देतो नं भाऊ” वर इसार देऊ नका.

सुरुवातीला सांगितलेलं बारा वर्षं न भरलेलं टाकं दारव्ह्याकडच्या एका गावातलं. घेणारे एक गुरुजी होते. रंगीत बादली ओतली, टाक्याशी थेंब आला नाही. कॅमेरा चार मीटर तीसवर गेला आणि समोर माती. फुली मारून दोन हात खोदलं तर निंबाच्या मुळीची मनगटाएवढी वेणी, तुटलेला पातळ पाईप आणि काळाभोर चिखल. विहीर तिथून पंचवीस फुटांवर. विकणारा खड्ड्यात वाकून बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “म्हनून भरत नव्हतं व्हय हे!” माणूस लबाड नव्हता, त्यालाही माहीत नव्हतं. नवी लाईन त्याच्या पैशानं पडली, खाली मुरूम आणि वाळू, टाक्याच्या भिंतीपाशी रबरी रिंगचा जोड. विहिरीचं पाणी गुरुजींनी तपासायला दिलं आणि तोवर पिण्यासाठी नळाचंच वापरलं.

घरात राहायला गेल्यावर दीड महिन्यानं त्यांचा फोन आला, आवाजात काळजी. “अहो, टाकं भरलं की हो! झाकण उघडलं तर पाणी पार पाईपाला लागलंय.”

“लागू द्या, गुरुजी,” मी म्हणालो. “झाकण लावून टाका.”